मॅडमसाठी मशीन बंद

मला एक सांगा, माणसानं विश्वास ठेवायचा कुणावर? शिकलेल्यावर ठेवावा, तर आमचे विष्णुपंत मास्तर शिकलेले. अनुभवी माणसावर ठेवावा, तर तो अनुभवी मी स्वतःच. आणि आम्ही दोघांनी मिळून जो घोळ घातला ना, तो काष्टीच्या बाजारात आजही लोक एकमेकांना टाळ्या देऊन सांगतात. आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. बसा, चहा सांगितलाय.

तर आमचा बर्फाचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची शेड, मिठाच्या पाण्याचा हौद, त्यात पाण्याचे डबे सोडलेले आणि कॉम्प्रेसर, जो असा ओरडतो की शेजारी उभ्या माणसाला जेवलास का विचारायचं तर हातानं घास दाखवावा लागतो. दूधवाले, रसवंतीवाले, मासेवाले, सगळे आमच्या लाद्यांवर. आणि ही मशीन बंद ठेवून चालत नाही हो. बंद केली की बर्फ घाम गाळतो, चालू ठेवली की मी गाळतो, कारण मीटर काय कुणासाठी थांबतंय?

त्यात आमच्या भिंतीला भिंत लावून ‘निवारा’. निराधार म्हाताऱ्या बायकांचा आश्रम. विष्णुपंत मास्तर त्याचे अध्यक्ष, मी खजिनदार, आणि खजिना म्हणजे माझाच खिसा. निवाऱ्याचं लाईटबिल आजवर बर्फातून निघालं. पण दर असे चढले की यंदा मी मास्तरांना स्पष्ट सांगितलं, ‘मास्तर, दोन्ही बिलं माझ्यानं होत नाहीत. काही मार्ग निघाला नाही तर दिवाळीनंतर निवारा बंद करावा लागेल.’ मास्तर नुसता चष्मा पुसत बसले. आमच्या बनुबाई, त्या निवाऱ्यातल्या सगळ्यात थोरल्या, त्या खाटेवरून म्हणाल्या, ‘बंद केल्यावं मला कुठं धाडनार हाय? राजूरला भाचा हाय, पन त्यो मला वळखायचा न्हाई, आन वळखलं तर दार लावून घील.’

आणि नेमकी तेव्हाच योजना आली. ज्यांना वीजबिल जड झालंय अशा धंद्यांना सवलत, धर्मादाय संस्थांना तर त्याहून मोठी. मी एका दिवसात दोन्ही अर्ज टाकले, एक कारखान्याचा, एक निवाऱ्याचा. आणि फोन आला, ‘तपासणीला दिशा मॅडम येतील, नगरहून, गुरुवारी.’

झालं. आमच्याकडं नगरहून साहेब येणार म्हटल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मास्तर लगेच छडी हातात असल्यासारखे, ‘आप्पासाहेब, पाहुणचारात उणं पडता कामा नये. संस्थेची अब्रू आहे.’ आमचा मांडववाला अजिनाथ, त्याला तर निमित्तच हवं असतं, ‘शेठ, काळजीच करू नका, असं करतो की बाई बघतच राहतील.’ फक्त आमच्या सूनबाई, धनश्री, एवढंच म्हणाल्या, ‘मामा, आहे तसंच राहू द्या की.’ मी म्हटलं, ‘धनश्री, तुला यातलं कळत नाही. मी माणसं बघितलीत.’

गुरुवार उजाडला. मॅडम येणार, त्यांच्याशी बोलायचं, आणि हा कॉम्प्रेसर कानात बोंबलणार, शोभतं का? मी पहाटेच मशीन बंद केली. शेड धुतली, दारात रांगोळी. मॅडम आल्या, पोरगीच हो, माझ्या मुलीच्या वयाची, आत पाऊल टाकलं आणि इकडंतिकडं बघत विचारलं, ‘मशीन चालू नाही का?’

मी अभिमानानं, ‘नाही मॅडम, तुमच्यासाठी बंद ठेवलीय.’

त्यांनी पिशवीतून चिमट्यासारखं यंत्र काढलं, वायरीला लावलं. ऑफिसातला पंखा सोडला तर काही नाही. ‘आप्पासाहेब, लोडच दिसत नाही.’ म्हटलं, ‘मॅडम, बिलं बघा ना.’ तर म्हणाल्या, ‘बिलं सगळेच दाखवतात. बंद शेडवाल्यांनीसुद्धा अर्ज केलेत, म्हणून तर मला पाठवलंय. मी डोळ्यांनी दिसेल तेच लिहू शकते.’ आणि लिहिलं, ‘बंद’. वर्षानुवर्षं न थांबलेलं मीटर, आणि थांबलं कधी, तर त्याला बघायला माणूस आला तेव्हा.

बरं, पुढं निवाऱ्यात. तिथं अजिनाथनं काय केलं असेल? दारावर लायटिंगच्या माळा, भर दुपारी. आत चार मोठे कूलर, लग्नातले. कोपऱ्यात त्याच्याच घरचा फ्रीज, त्यावर फुलदाणी. म्हाताऱ्या इरकलीत. मॅडमनी बनुबाईंना विचारलं, ‘आजी, रोज असंच असतं का इथं?’ आणि बनुबाई, आयुष्यभर पाहुण्यापुढं घरचं रडगाणं न गायलेली बाई, पदर सावरून म्हणते, ‘व्हय तर. काय बी कमी न्हाई बाई. लई सुखात हाय आमी.’

मास्तरांनी मान डोलावली. आणि मॅडमनी लिहिलं, ‘संस्था सुस्थितीत’.

मग मी गाडीपर्यंत पळत गेलो. सगळं सांगितलं, कूलर कुणाचे, फ्रीज कुणाचा, मशीन का बंद, आत्ता लावून दाखवतो म्हटलं. त्या हसल्या नाहीत हो. म्हणाल्या, ‘लिहिलेलं आता खोडता येत नाही. फेरतपासणीला अर्ज करा. पण मी न सांगता येईन.’

तेव्हापासून आमच्या जिवाला घोर. मशीन रात्रंदिवस चालू, गिऱ्हाईक असो नसो. कशासाठी? तर मॅडम आल्या तर मीटर पळताना दिसावं. बिल वाचवायच्या योजनेसाठी मी बिल वाढवत होतो, आता मीटर काय कुणासाठी थांबतंय?

आणि त्या आल्या कधी? लाईट गेलेली असताना. अख्खं गाव बंद, आमचा कारखाना मुका, मी बाहेर कपाळाला हात लावून. मॅडमनी यंत्र लावलं, पुन्हा काही नाही. लाईट यायची वाट बघत निवाऱ्यात जाऊन बसल्या. मास्तर श्रीगोंद्याला गेलेले, अजिनाथ एका लग्नात, म्हणजे कुणी शिकवणारं नाही. मॅडम घामानं डबडबलेल्या. बनुबाईंनी त्यांना खाटेवर ओढून बसवलं आणि पुठ्ठ्यानं वारा घालायला लागल्या.

‘आजी, राहू द्या.’

‘गप बस. उन्हाची आलीस. आता दुसऱ्यांदा आलीस म्हंजी तू काय पाहुनी न्हाईस.’ आणि मग, आपल्याच लेकीला सांगावं तसं, ‘हे बघ, लाईट आली तरी पंखा लागत न्हाई. दुपारचा घटकाभर लावत्यात, रातीचा न्हाई. शेठचं बिल लई येतंय. त्यो बिचारा बोलत न्हाई, पन आमाला समजतंय की. माळा बिळा त्या अजिनाथाच्या हुत्या.’

मी दारात उभा राहून ऐकत होतो.

शेवटी लाईटची वाट बघणं सोडून मॅडम जीपमध्ये बसल्या, जीप वळली, आणि लाईट आली. कॉम्प्रेसर असा गर्जला की मी हात करून ‘मॅडम, मॅडम’ ओरडतोय ते मलाच ऐकू येईना.

महिन्यानं दोन निकाल आले. निवारा मंजूर, मोठी सवलत. कारखाना नामंजूर, दोन्ही वेळी बंद आढळला. मास्तरांनी पेढे वाटले. मी मोबाईलवर निवाऱ्याचा निकाल पुन्हापुन्हा उघडून बघितला, निवारा वाचला हो, खरंच वाचला. बनुबाईंनी त्या रात्री पंखा फुल्ल लावला आणि सकाळी तक्रार, ‘लई गार हुतंय, जरा बारीक करा.’

आणि संध्याकाळी अजिनाथ माझ्या कानाशी, ‘शेठ, एक सांगू का? भिंत एकच हाय. निवाऱ्याच्या मीटरवरून एक वायर टाकली, कारखाना बी सवलतीत. कुनाला कळतंय?’

खोटं कशाला बोलू, घटकाभर मी त्या भिंतीकडं बघत उभा राहिलो. मग म्हटलं, ‘अजिनाथ, म्हातारीनं मॅडमना पाहुणी न मानता खरं सांगितलं, त्यावर ही सवलत आहे. त्यात माझा बर्फ घालू नकोस.’

तेव्हा तुम्हीही निवाऱ्याच्या समितीवर येताय म्हणून सांगतो, आजपासून वही तुमच्याकडं. निवाऱ्याचा हिशेब तेवढा खरा ठेवा, त्यात एक युनिटसुद्धा इकडचं तिकडं नको. कारखान्याचं बिल मी भरतो, सरकारी कागदावर बंद असलेल्या कारखान्याचं.