बनूबाईचं नाव लावलं त्याची गोष्ट

...आणि वर हे मलाच विचारतात, तुला हे करायला सांगितलं होतं कुणी? अहो, सांगितलं होतं ना! तुम्हाला सांगते, चौऱ्याण्णव सालची दिवाळी तोंडावर आलेली, मतदारयाद्यांची तपासणी चालू होती, आणि आमच्या अंबरनाथच्या महिला मंडळात ठराव झाला की प्रत्येकीने यादीत नसलेल्या एका माणसाचं नाव लावून द्यायचं. एकच नाव, हो. जास्त नाही. बाकीच्यांनी काय केलं, कुणी नव्या सुनेचं लावलं, कुणी अठरा पूर्ण झालेल्या भाच्याचं, आणि चहा पिऊन मोकळ्या झाल्या. मलाच कुठून बुद्धी झाली देव जाणे, मी म्हटलं, मी बनूबाईचं लावते.

बनूबाई म्हणजे आमच्याकडे केरसुण्या विकायला येते ती. राहते कुठे? तर एमआयडीसीच्या रस्त्याला एक बंद पडलेला वजनकाटा आहे, पूर्वी तिथे ट्रक तोलायचे, त्याच्या पत्र्याच्या शेडखाली. तीन विटांची चूल, एक बोचकं, आणि भिंत म्हणाल तर केरसुण्यांची रास. गाव धरणात गेलं, नवरा त्याच्या आधी गेला. मी तिला विचारलं, काय गं, मत द्यायचंय का? मला वाटलं, म्हणेल, मत घेऊन काय करू, त्यापरीस एखादं जुनं लुगडं द्या. तर ती डोक्यावरचा भारा उतरवून खाली बसलीच.

"द्यायचंय ना बाय. गावात दर टायमाला दिलंय. तिथला साहेब आपलं सगळं नाव मोठ्यानं वाचतो. बनूबाई हिरामण पष्टे. इथं आल्याला बारा वर्सं झाली, समदी मला ए झाडूवाली म्हणत्यात."

आता सांगा, यावर कोण नाही म्हणेल? गेले मी कचेरीत. तिथे हिंदुराव म्हणून कारकून, भर ऑक्टोबरच्या उकाड्यात गळ्याला मफलर, कारण काय तर पंखा थेट डोक्यावर. घर क्रमांक काय, म्हणे. म्हटलं, घर नाही. मग राहतात कुठे? म्हटलं, वजनकाट्यावर. तर ते शांतपणे म्हणाले, "बाई, काट्यावर माल असतो. माणूस नसतो."

मग मी सुरू झाले. मी काही फार शिकलेली नाही, मॅट्रिक आहे, पण नागरिकशास्त्रात पहिली यायचे. अर्धा तास बोलले. मागे रांग लागली, रांगेतले दोघे मला सामील झाले, एकजण कंटाळून घरी गेला. शेवटी हिंदुराव म्हणाले, बरं, ती खरंच तिथे राहते हे मी डोळ्यांनी बघितलं तर लिहीन. सोमवार, मंगळवार, बुधवार मी त्या भागात फिरणार आहे. येईन तेव्हा माणूस जागेवर पाहिजे. किती वाजता याल? म्हणे, वेळ सांगितली तर ती तपासणी कसली?

झालं! तीन दिवस बनूबाईने घरात बसायचं. घरात म्हणजे काट्यावर. आणि आठवडा कुठला? दिवाळीचा! लक्ष्मीपूजनाला घरोघर नवी केरसुणी लागते, वर्षभराचा तिचा धंदा त्या आठवड्यात. ती म्हणाली, राहू द्या बाय, माल पडून राहील. तोंड एवढंसं झालं तिचं. आणि मी, एकच नाव तर लावायचंय, हो, असं म्हणत केरसुण्यांचा भारा घेतला की उचलून! म्हटलं, तू बस जागेवर, विकायला मी जाते.

तुम्ही हसताय. पण उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये केरसुण्या विकून बघा एकदा. तिथल्या सिंधी बायका भाव करतात म्हणजे काय करतात! एकीने केरसुणी उलटी धरली, सुलटी धरली, झटकली, अंगण झाडून बघितलं, पायऱ्या झाडून बघितल्या, आणि परत दिली. वर विचारते, "वो बनू किधर गई? आपको तो बोझा पकड़ना भी नहीं आता।" म्हटलं, बनू घर पे है, मतदारयादी में नाम लगाने का है. म्हणाली, "उसका घर किधर है?" बसले मी पायरीवर, तिलाही नागरिकशास्त्र सांगितलं. तिला पटलं. केरसुणी मात्र नाही घेतली.

मंगळवारी तर काय झालं, भारा डोक्यावर, पदर खोचलेला, मी रस्त्याच्या कडेने चाललेली, आणि समोरून कंपनीची जीप. आत साहेब, आणि शेजारी आमचे हे! यांनी मान जी वळवली ती रस्ता संपेपर्यंत. संध्याकाळी बाम चोळत म्हणाले, साहेबांनी विचारलं, ती बाई ओळखीची आहे का? मी म्हटलं, तुम्ही काय सांगितलंत? तर म्हणे, "चेहरा पाहिल्यासारखा वाटतो, असं म्हटलं."

बुधवारी दुपारी मी परत येते तर काट्यावर बनूबाई तेल लावून, विंचरून, फोटोला बसल्यासारखी बसलेली, आणि समोर दगडावर हिंदुराव, तिच्या हातचा काळा चहा पीत लिहितायत. पत्ता, बंद वजनकाटा. लागलं नाव! एकच नाव, हो, पण मला काय आनंद झाला म्हणून सांगू. तिच्याकडूनच एक केरसुणी विकत घेतली आणि घरी येऊन असं घर झाडलं, असं झाडलं, की दाराखालून आलेले कपटेसुद्धा राहिले नाहीत.

फेब्रुवारीत मतदान. आम्ही तिघं शाळेत गेलो, बनूबाई पुढे. टेबलावरच्या माणसाने मोठ्याने वाचलं, बनूबाई हिरामण पष्टे. ही गप्प. त्याने परत वाचलं, आणखी मोठ्याने, पार व्हरांड्यापर्यंत ऐकू गेलं. ही तशीच उभी, ऐकत. तिसऱ्यांदा वाचल्यावर म्हणाली, "मीच ती."

मग आमचा नंबर. तर आमची नावंच नाहीत! बावीस वर्षं एका घरात राहतोय आम्ही. बाहेरच्या टेबलावर हिंदुराव चिठ्ठ्या देत बसलेले, त्यांना गाठलं. म्हणाले, "मी तुमच्याकडे सोमवारी आलो, मंगळवारी आलो, बुधवारी आलो. तिन्ही दिवस कुलूप. दाराखालून चिठ्ठी सरकवली, तिचं उत्तर नाही. मग स्थलांतरित लिहिलं."

ती चिठ्ठी मी नव्या केरसुणीने झाडून टाकली होती, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? ह्यांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "एक नाव लावलंस आणि दोन काढलीस."

एवढ्यात बनूबाई शाई लावलेलं बोट सांभाळत बाहेर आली. तिला कळलं. इतकी हळहळली बिचारी! म्हणाली, "पुढल्या टायमाला दोघांची नावं माझ्या काट्यावर लावा. जागा हाय. पर बाय, तीन दिस घरात बसाया लागतं. तुमाला काय जमायचं नाय."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान डोलावली. बावीस वर्षांच्या संसारात कुणाचं बोलणं ह्यांना इतकं पटलेलं मी तरी पाहिलेलं नाही.