जानकीबाईंनी वैद्याला काय विचारलं

मंडळी, आज कीर्तनाच्या सुरुवातीलाच तुम्हाला अडचणीत टाकतो. ज्याच्या हाती जीव सोपवायचा, त्याला उलट प्रश्न विचारावा का? की विचारलं म्हणजे श्रद्धा उणी पडली? उत्तर मनात धरून ठेवा. खांबाला टेकलेले काका, तुम्हीसुद्धा. डोळे मिटून ऐका, घोरू मात्र नका.

तर ऐका. दापोलीकडच्या एका बंदरावर जानकीबाई पावसे मासळीचा लिलाव पुकारायच्या. समुद्र गाजतोय, माणसं भांडतायत – तरी बाईंचा आवाज पार शेवटच्या गाडीपर्यंत जायचा. त्या आवाजावर घर चाललं, मुली शिकल्या. आणि तोच आवाज बसला. गुळण्या झाल्या, काढे झाले, सुटेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली, तिथल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. निघाला कॅन्सर. स्वरयंत्राचा.

डॉक्टर म्हणाले, "बाई, हे माझ्या आवाक्यातलं नाही. मुंबईच्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयात जा. ताटकळावं लागेल, पण तिथं या आजाराचे सगळे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात."

नवरा हरेश्वर बाहेर येऊन म्हणाला, "जो स्वतःच नाही म्हणतो, त्याचं काय ऐकायचं?" त्याला घाटावरच्या एका वैद्याचा पत्ता मिळाला होता. कापाकापी नाही, शंभर टक्के गुण! आता खरं सांगा, तुम्ही कुठे गेला असता?

गेले दोघं घाटावर. वैद्यांनी नाडी पाहिली. म्हणाले, "दिवाळीला पुकारायला लागाल."

जानकीबाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "ज्यांना गुण आला नाही, ते कोण? त्यांच्याशी बोलता येईल का?"

वैद्य हसले. "असं कुणी नाहीच."

एस्टी स्टँडवर हरेश्वर चिडला. "वैद्याला असं विचारतात का? शंका घेतली की औषध लागू पडत नाही."

"मग ते औषध गाठीवर चालतं की माझ्या मनावर?" बाई म्हणाल्या. "अहो, सगळीच मासळी ताजी म्हणणाऱ्याकडून मी कधी टोपली घेतली नाही. मुंबईला चला."

मुंबईत रांग, बाकडी, पुन्हा रांग. शेवटी एक तरुण डॉक्टरीणबाई समोर आल्या. त्यांनाही तोच प्रश्न. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"असे पेशंट आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. स्वरयंत्र काढायचं, म्हणजे आवाज जाईल. किंवा किरणं आणि सलाईनमधून औषध द्यायचं. त्यात आवाज राहील, कदाचित राहणारही नाही. आजार उलटला तर ऑपरेशन करावंच लागेल. खात्री मी देऊ शकत नाही. पण किरणांनी गुण न आल्यामुळे स्वरयंत्र काढावं लागलेल्या एका माणसाला भेटवू शकते."

बाहेर साताऱ्याचे एक गृहस्थ बसले होते. गळ्याला छिद्र. त्यावर बोट दाबून, घशात बसवलेल्या छोट्या झडपेच्या आधारानं जाड आवाजात बोलले, "आधी मी कुणाला तोंड दाखवत नव्हतो. आता नातीला गोष्टी सांगतो. तिला वाटतं, सगळ्या आजोबांचा आवाज असाच असतो."

आणि मंडळी, आता हरेश्वर पुढे सरकला. दर्यावरचा माणूस तो. त्यानं विचारलं, "तुम्हाला पोहता येतं का?"

"नाही. छिद्रात पाणी जाता कामा नये. अंघोळसुद्धा जपून."

हरेश्वरनं बायकोकडे पाहिलं. शंका घेऊ नये म्हणणारा तोच आता प्रश्न विचारत होता, मंडळी!

बाईंनी किरणं घेतली. म्हणाल्या, "आवाज गेलाच, तर काय होतं ते आता मी पाहून घेतलंय." घसा भाजून निघाला. पाण्याचा घोट उतरेना, तेव्हा हरेश्वर चमच्यानं पेज भरवायचा. आजार हटला. आवाज आला, पण अर्धाच. लिलाव आता जाऊबाई पुकारतात. तपासण्या अजून चालू आहेत, आणि दर वेळी रिपोर्ट हातात येईपर्यंत बाई बाकड्यावरून उठत नाहीत. हे लपवून मी तुम्हाला गोड गोष्ट सांगणार नाही.

आता तुमच्याकडे येतो. साडी घेताना चार दुकानं पालथी घालता, आणि जीव सोपवताना एक प्रश्न विचारायला भिता? बुद्धी त्या पांडुरंगानंच दिली ना? ती वापरली म्हणून तो रुसेल, असं कुणी सांगितलं? जानकीबाई रोज दिवा लावायच्या, आजही लावतात.

चला, टाळ घ्या, नाम घेऊ. आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा रिपोर्ट आला असेल, तर नंतर माझ्यापाशी थांबा. मला औषधातलं काही कळत नाही. पण डॉक्टरांना काय काय विचारायचं, ते आपण बसून ठरवू.