तीस शनिवारांचा बॅकअप

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आमच्या स्टुडिओचे मालक, व्यासपीठावर बसलेले छायाचित्रकार संघाचे सचिव, आजचे सत्कारमूर्ती मास्तर, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, लॅबमधले आणि काउंटरवरचे माझे सहकारी, आणि ज्यांच्या घरच्या भिंतींवर मास्तरांच्या हातचा एक तरी फोटो आहे असे आपण सगळे, नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. भाषणाची सवय नाही. कॉलेजात एकदाच वर्गात उभा राहून बोललो होतो, तेही सरांना उलटून, आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलेजला गेलोच नाही. दुसरं वर्ष अर्धं झालं होतं. घरी वडील माझ्याशी बोलेनासे झाले. त्या आठवड्यात मास्तरांनी मला स्टुडिओतल्या कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि म्हणाले, "डोकं तापट आहे तुझं. असू दे. हात तेवढा थंड ठेव."

मास्तरांनी डार्करूममध्ये उमेदीची वर्षं घालवली, पन्नाशीत माऊस हातात धरला, हे मानपत्रात सुंदर अक्षरात लिहिलंच आहे. मी ते पुन्हा वाचत नाही. मी उभा राहिलोय तो अध्यक्षांच्या एका वाक्यासाठी. आत्ता ते मोठ्या मनाने म्हणाले, की "शेवटी शेवटी मास्तरांकडून एक मोठी चूक झाली, पण आज आपण ती विसरून जाऊ." आपण टाळ्याही वाजवल्यात.

साहेब, विसरण्याआधी ती चूक काय होती, हे सगळ्यांना कळायला नको का?

आमच्याकडे फोटो डिस्कवर असतात आणि कॅटलॉग वेगळा असतो. कोणता फोटो कुठे ठेवलाय, त्याचा उजेड किती वाढवला, कुठे कापला, त्यात माणसं कोण आहेत, हे सगळं त्या कॅटलॉगला माहीत असतं. फोटोला स्वतःला यातलं काही माहीत नसतं. फोटो आहे आणि कॅटलॉग गेला, तर उरतात नुसते चेहरे. म्हणून दर शनिवारी काम संपवताना कॅटलॉगचा बॅकअप घ्यायचा, दुसऱ्या डिस्कवर घ्यायचा, आणि मग ती प्रत उघडून त्यातला कुठलाही एक फोटो बघायचा, असा मास्तरांचा नेम. नुसता घेऊन ते थांबायचे नाहीत. "उघडून पाहिलास का?" हा प्रश्न ते कशालाही विचारायचे. मी घरून डबा आणला तरी विचारायचे. लॅबमधले हसतायत बघा.

मग मास्तरांची नजर गेली. एकदम नाही. आधी मधलं दिसेनासं झालं, कडेचं दिसायचं. समोर माणूस उभा असला तर त्याचे खांदे दिसायचे, तोंड नाही. ज्या माणसाने जन्मभर तोंडं पाहिली, त्याला!

तेव्हा त्यांनी एक काम काढलं. स्टुडिओच्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून ठेवल्या होत्या, चार हजारांवर. त्यातली माणसं कोण, हे सांगणारा एकच माणूस उरला होता. मास्तर पडद्याला नाक लावून बसायचे, मान तिरपी करून कडेच्या नजरेने एकेक चेहरा धरायचे, आणि सांगायचे. मी टाइप करायचो.

"हा बेकरीवाला. शेजारी त्याची धाकटी बहीण, लवकर गेली बिचारी. लिही."

"गेली हेही लिहू?"

"लिही. तिचा हा एकच फोटो आहे."

कधी मी कंटाळलो की म्हणायचे, "गाढवा, घाई मला आहे. तुला कसली?"

घाई मलाही होती, मास्तर.

दर शनिवारी सहा वाजता आमच्याकडची एक व्यक्ती सुटायची. कोण, ते मी सांगणार नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कृपा करून मागे वळून बघू नये. स्टुडिओपासून बसथांबा अकरा मिनिटांवर. ती अकरा मिनिटं मला मिळावीत म्हणून मी आठवडाभर जगायचो. तिने कधी "थांब" म्हटलं नाही, कधी "चल" म्हटलं नाही. बसमध्ये चढताना "चल, येते" म्हणायची, ते तर सगळेच म्हणतात. तिचा यात काडीचाही दोष नाही. तिचं लग्न ठरलं आहे, आणि मी तिला सुखी राहा असं म्हणतो. म्हणायचा प्रयत्न करतो.

बॅकअपला चाळीस मिनिटं लागायची. कॅटलॉग बंद करताना सॉफ्टवेअर विचारतं, बॅकअप घ्यायचा का? खाली दोन बटणं असतात. एक 'घ्या', एक 'आता नको'.

मी 'आता नको' दाबायचो. हल्ली बॅकअप काम चालू असतानाच होऊन जातो, असं मास्तरांना सांगून ठेवलं होतं.

मागून मास्तर खुर्चीतून विचारायचे, "घेतलास?"

"घेतला."

"उघडून पाहिलास?"

"पाहिला, मास्तर. मस्त उघडला."

आणि पिशवी उचलून धावत सुटायचो. असे तीस शनिवार. मी मोजले आहेत, नंतर.

माईक बंद करू नका, दादा. थोडंच राहिलंय.

एका सोमवारी सकाळी कॅटलॉग उघडला नाही. खराब झाला आहे, दुरुस्त करता येत नाही, असं पडद्यावर आलं. दुरुस्तीवाला दोन दिवस बसला आणि हात झटकून गेला. शेवटचा बॅकअप निघाला सात महिन्यांपूर्वीचा, नावांचं काम सुरू होण्याआधीचा. फोटो सगळे शाबूत. माणसं कोण, ते एकाही फोटोपुढे नाही. आणि तोवर मास्तरांना कडेचंही दिसेनासं झालं होतं.

मालक वर आले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "बॅकअप घ्यायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या हातून राहिलं." मालक म्हणाले, "मास्तर, आता थांबा तुम्ही." आणि मी, जो सरांना भर वर्गात उलटून बोललो होतो, तो खाली मान घालून उभा राहिलो. दोन महिने झाले त्याला.

दर रविवारी मी मास्तरांच्या घरी जाऊ लागलो. फोटो बघायचा, वर्णन करायचं, त्यांनी ओळखायचं.

"चौकटीचा शर्ट घातलेला एक माणूस आहे, मास्तर."

"चौकटीचा शर्ट तेव्हा अर्ध्या गावाने घातला होता. नाक सांग."

"नाक... नाकासारखंच आहे."

काकू आतून हसल्या. मास्तर हसले नाहीत. आठ रविवारांत अकरा माणसं ओळखली. गेल्या रविवारी ते म्हणाले, "पुरे आता. तुझ्या बोलण्यातून मला ती दिसत नाहीत, आणि जी आत दिसत होती, तीही पुसट होत चालली आहेत."

तेव्हा मी सांगितलं. शनिवारचं, बटणाचं, बसथांब्याचं, सगळं. वाटलं, ओरडतील. हाकलतील. ते म्हणाले, "बॅकअप चालू असला की ती डिस्क घरघरते. मला ऐकू यायची ती. मग यायची बंद झाली."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

म्हणाले, "तू घेतला म्हणत होतास ना. मला वाटलं, डोळ्यांमागून माझे कानही चालले."

तीस शनिवार, मंडळी! तीस शनिवार हा माणूस त्या खुर्चीत बसून, आपण आता बहिरेही होणार, असं धरून चालला होता. काकूंनाही सांगितलं नाही. माझ्यावर शंका घेणं त्यांना जमलं नाही, म्हणून स्वतःच्या कानांवर घेतली. ती माणसं, तो बेकरीवाला, ती बहीण, ती गेली ती गेलीच. ती मी परत आणू शकत नाही. यापुढे त्या फोटोंतल्या लोकांना कोणी हाक मारू शकणार नाही. पण एवढं तरी मला भर सभेत सांगू द्या.

अध्यक्ष महाराज, ऑफिसच्या फाइलीत मास्तरांच्या नावापुढे 'हलगर्जीपणा' असा शब्द लिहिला आहे. तो खोडा आणि तिथे माझं नाव घाला. उद्या मी कामावर यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

आपण मला बोलू दिलंत, मध्ये थांबवलं नाहीत, त्याबद्दल आयोजकांचे, पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द वेडावाकडा गेला असेल, तर तेवढं पोटात घाला. बाकीचं घालू नका.

मास्तर, तुमचे कान चांगले आहेत. डिस्क बंदच होती.