डोळ्याला जागा उरली न्हाय

मी मूळचा सांगोल्याकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. शाळा न्हाय, गुरू न्हाय. कोळशानं भिंतीवर मेंढरं काढायचो आन आई धपाटा घालून भिंत सारवायची, तेवढंच शिक्षण. पुढं सोलापूरला गिरणीत लागलो. काय सांगू तुमाला, कापडाच्या गठ्ठ्यावर देवाचं रंगीत चित्र चिकटवतात, त्याला आमी तिकीट म्हणतो, ती बघून बघूनच हात वळला. साहेबांनी खात्यातनं उचलून चित्रांच्या टेबलाला बसवलं. मग वर्षानुवर्षं देवच देव!

माझी एक रीत होती. आधी लुगडं, मग दागिने, मग तोंड, आन डोळे सगळ्यात शेवटी, सोमवारी आंघोळ करून.

एका दिवाळीला लक्ष्मीचं तिकीट पायजे होतं. लुगड्याला तांबडा लावाया घेतला आन हात थांबंना! शेजारची नरसक्का, तेलुगू विणकरीण, सूत रंगवून अंगणात बांबूवर वाळत घालायची, तोच तांबडा डोक्यात, वर वाऱ्यानं हलणारा, खाली ठिबकणारा. लुगडं वाढत गेलं, त्याच्याखाली कमळ गेलं, हत्ती गेले, चौकट गेली. सोमवारी आंघोळ करून बसलो, बघतो तर डोळ्याला जागाच न्हाय!

साहेब म्हणाले, अहो पेंटर, देवी कुठं आहे? म्हटलं, हाय की साहेब, लई जवळ आलीया म्हणून दिसंना. अख्खं हापिस हसलं. साहेब न्हाय हसले. म्हणाले, संध्याकाळपर्यंत तोंड काढा, नाहीतर उद्यापासून येऊ नका.

तोंड काढाया कितीसा येळ लागतो? ब्रश भिजवला, पण त्या तांबड्यावर टेकवंना. कागद गुंडाळून घरी आलो. नरसक्का दारात सूत पिळत होती, म्हणली, अण्णा, काय आणलंस, दाखव की. पदराला हात पुसले, लई येळ बघितलं आन बोट ठेवलं, हितं पाणी जास्त झालंय बघ, माझं सूत बी हितंच फसतं. मी उडालोच! देवी कुटं, असं तिनं इचारलंच न्हाय. चूक दावली, म्हंजे चित्र दिसलं की तिला!

दुसऱ्या दिवशी गिरणीत गेलो न्हाय. आता पोटाला दुकानांच्या पाट्या रंगवतो आन बाकी येळ नुसता रंग. लोक म्हणतात पेंटर बिघडला. बिघडू द्या! कुणाच्या गठ्ठ्यावर चिकटवायला आता काढत न्हाय मी.

सोमवारी अजून आंघोळ करून बसतो. डोळे काढत न्हाय, नुसता बघतो. तुमचं भलं होवो. जाताना दार उघडंच ठेवा, चित्र ओलं हाय अजून, वारं लागू द्या.