चहा न पिणारा चहावाला

तुम्ही घ्या चहा, मला नको. आयुष्यात कधी कप तोंडाला लावला नाही मी, आणि पिंपरीत पहिले कारखाने उभे राहत होते तेव्हा सायकलवरून गावोगाव चहाची पुडकी विकत फिरायचो! खपत काहीच नव्हतं. शेठनं बजावलं, "शनिवारपर्यंत पिशवी रिकामी झाली नाही तर काम गेलं समज."

शुक्रवारी ताथवड्यात एका आजीनं माझ्याच पुडक्यातला चहा करून माझ्यापुढे ठेवला. म्हटलं, "मी घेत नाही."

आजीचे डोळे बारीक झाले. "सवता पीत न्हाईस आन् आमास्नी पाजतोस व्हय? काय घातलंय यात?"

घाबरून खरं तेच बोललो. "आजी, मला नाही आवडत. पण माझी बायको याच्याशिवाय अंथरूण सोडत नाही."

"मग तिला धाड की! तू कशाला आलास?"

शनिवारी सायकलला पुढे पिशवी अडकवली, मागे बायकोला बसवलं. तिला गावात सोडून मी वेशीवर थांबलो. उन्हं कलताना स्वारी परत आली. पिशवी रिकामी!

"असं बोललीस तरी काय?"

"बोलायचंय काय त्यात? घरोघर बसून चहा प्यायले. सोमवारी चिंचवडला जाऊ. तुम्ही सायकल तेवढी चालवा."