दुसरा रस्ता

वाशीमच्या दवाखान्यात वैजयंती नंबराची वाट पाहत होती, पण कान शेजारच्या बाकड्यावर होते. तिथं पंचफुलाबाई बसल्या होत्या, उद्या त्यांचं ऑपरेशन. लेक लखनच्या मांडीवर लॅपटॉप.

"इथंबी कामच करून राह्यला काय रे?"

"बँकेचं सॉफ्टवेअर बदलाचं हाय, आई. त्याच्या आंधी सारी माहिती गोळा करून रिपोर्ट द्या लागते."

"कायची माहिती?"

"डाटा एका जागी साठवेल रायते. हरेक मशीनले तिथं जायले दोन रस्ते पायजेत. काम करताना एक बंद करतो, तवा दुसऱ्यावर चालते."

"अन् एकच असला तं?"

"तं ते मशीन बंद पडते. तेच हुडकून राह्यलो."

"तुह्या बाबाले तुह्यापर्यंत याले एकच रस्ता हाय. मी."

"आई, तो विषय नको."

"भांडल्यापासून त्यायचं तुले अन् तुहं त्यायले मीच सांगून राह्यली. उद्या मले भूल देतीन."

वैजयंतीचा नंबर पुकारला गेला. तिनं मागच्या बाईला पुढं पाठवलं.

"बाबाचा मोबाईल नंबर तोच हाय काय?"

"फोन कायले करतं? खाली चहाच्या टपरीवर बसेल हायेत. तू हायेस म्हून वर येत नाईत."