कुकरच्या शिटीएवढी जागा

आमच्या मुलुंडच्या नीताचं ऐका. मोठ्या गायिकेला चाल कळावी म्हणून आधी कच्चं गाणं गायचं, हा तिचा पेशा. घरीच रेकॉर्ड करते. एकदा मध्येच कुकरची शिटी झाली. नीताने शिटी पुसली आणि तेवढी जागा कोरीच पाठवली. गायिकेने तो थांबाही उचलला, आणि लोक नेमके त्यावरच फिदा!

मी पडलो पेपरवाला, भडकलो. "चोरी आहे ही! छापतोच."

"छाप, आणि माझं काम घालव," म्हणत तिने थेट संगीतकाराला फोन लावला. "दादा, तो थांबा माझा होता. पुढचं गाणं फायनलला मीच गाणार."

पलीकडे शांतता. मी तोंड उघडलं. डोळे मिटून मांडीवर ताल धरलेली नीता पुटपुटली, "गप रे, येतोय समेवर."